मैफलींचे स्पूल डिजिटल करण्याआधी: टेप मशीन मोजून कसं जुळवायचं

पाव इंच रुंदीच्या टेपच्या स्पूलवर उतरवलेल्या खासगी मैफली महाराष्ट्रात कितीतरी घरांत अजून पडून आहेत. ग्रुंडिग, फिलिप्स किंवा अकाईच्या टेप रेकॉर्डरवर कोणीतरी समोर बसून टिपलेलं गाणं, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही. पुढची पिढी ते संगणकावर घ्यायला बसते तेव्हा कोणाकडून तरी मशीन मिळवलं जातं, साउंड कार्डाला वायर जोडली जाते, आवाज आला की काम सुरू. टेपवर जे आहे ते सगळं संगणकात येतंय का, हे नुसतं ऐकून कळत नाही, कारण मूळ कसं होतं हे आपल्यापैकी कोणीच ऐकलेलं नसतं. ते मोजावंच लागतं.

या कामात एक भेद कायम डोक्यात ठेवा. काही चुका नंतर संगणकावर दुरुस्त होतात, काही कधीच होत नाहीत. लेव्हल थोडी कमी आली, इक्वलायझेशन (बारीक आणि जाड आवाजांची ठरलेली उचल-घट) चुकीचं लागलं, वेग एका टक्क्यानं कमी-जास्त होता, तर आकडा माहीत असल्यास नंतर नीट करता येतं. पण हेड (टेपवरचं चुंबकत्व वाचणारा भाग) तिरकं असल्यामुळे गेलेला ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, परत येत नाही. तो वाढवायला जावं तर टेपची खरखर तेवढीच वाढते. क्लिप झालेली (लेव्हल मर्यादेबाहेर जाऊन कापली गेलेली) तान, मशीनचा फ्लटर (वेगाची बारीक थरथर), वायरीतून शिरलेला हम (विजेची घुमघुम) या गोष्टीही तशाच. त्यामुळे पुढच्या पायऱ्यांत मी सगळ्यात जास्त वेळ हेडच्या कोनावर घालवणार आहे.

सामान

मुख्य वस्तू म्हणजे कॅलिब्रेशन टेप, म्हणजे अचूक माहीत असलेले टोन रेकॉर्ड केलेली, मशीन जुळवायची टेप. अमेरिकेतली मॅग्नेटिक रेफरन्स लॅबोरेटरी म्हणजे एमआरएल, तिच्या टेप जगभर वापरल्या जातात. महाग पडतात, पण त्यांना पर्याय नाही. घरी दुसऱ्या मशीनवर टोन रेकॉर्ड करून केलेली टेप ही कॅलिब्रेशन टेप नव्हे, कारण त्या दुसऱ्या मशीनचं हेड सरळ होतं याला पुरावा काय? टेप मागवताना तीन गोष्टी सांगाव्या लागतात: वेग, इक्वलायझेशन आणि संदर्भ लेव्हल. घरगुती मैफलींसाठी सेकंदाला १९ सेंमी वेगाची, एनएबी (अमेरिकी पद्धतीच्या) इक्वलायझेशनची, २५० नॅनोवेबर प्रति मीटर (टेपवरच्या चुंबकत्वाचं माप) लेव्हलची टेप सर्वांत उपयोगी पडते.

बाकी सामान असं: लाइन इनपुट असलेलं २४ बिटचं साउंड कार्ड, ट्रू आरएमएस मल्टिमीटर, चुंबकत्व न धरणारा बारीक स्क्रूड्रायव्हर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या आणि हेड डीमॅग्नेटायझर (हेडमध्ये साठलेलं चुंबकत्व काढणारं उपकरण). टोन निर्माण करायला आणि स्पेक्ट्रम पाहायला रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात सिग्नल जनरेटर, फ्रीक्वेन्सी मोजणी आणि स्कोप (लहरीचा आकार दाखवणारा पडदा) सगळं आहे.

पहिली पायरी: मोजणारी साखळी आधी तपासा

टेप मशीनला हात लावण्याआधी साउंड कार्डाचा आकडा आणि खरा व्होल्टेज यांचं नातं ठरवून घ्यायचं. लेव्हल डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत मोजतात; डीबीयू आणि डीबीव्ही ही व्होल्टेजशी बांधलेली डीबीची मापं. व्यावसायिक उपकरणांत ० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट आणि नेहमीची लाइन लेव्हल +४ डीबीयू म्हणजे १.२२८ व्होल्ट. घरगुती डेकच्या आरसीए आउटपुटला −१० डीबीव्ही धरतात, म्हणजे ०.३१६ व्होल्ट.

सॉफ्टवेअरमधून साइन टोन सोडा आणि कार्डाच्या आउटपुटवर मल्टिमीटर लावा. एक्सएलआर (तीन पिनांचा कनेक्टर) असेल तर २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये मोजायचं. आता इथे बरेच जण १ किलोहर्ट्झचा टोन लावतात आणि फसतात. स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्टेज साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच खात्रीनं दाखवतात, त्यापुढे आकडा गुपचूप घसरतो. म्हणून ३१५ हर्ट्झ वापरा. ती विजेच्या ५० हर्ट्झची पट नाही, त्यामुळे हममध्ये मिसळतही नाही. टोन १.२२८ व्होल्टवर आणा, मग तीच वायर कार्डाच्या इनपुटला लावा आणि मीटर −२० डीबीएफएस (कार्डाची कमाल मर्यादा ० धरून मोजलेला डीबी) दाखवेल असा गेन ठेवा. अमेरिकी प्रसारण क्षेत्रातला हा रिवाज आहे. युरोपात ० डीबीयू म्हणजे −१८ डीबीएफएस धरतात. दोन्ही चालतील, फक्त एकच पकडा आणि लिहून ठेवा. तुमच्या छोट्या कार्डाला +२४ डीबीयू झेपत नसेल तर युरोपचा रिवाज सोयीचा.

मीटर पीक (लहरीचं टोक) दाखवतोय की आरएमएस (एक प्रकारची सरासरी), हेही इथेच पाहून घ्या. काही सॉफ्टवेअर पूर्ण उंचीच्या साइनला ० म्हणतात, काही −३.०१. हा ३ डीबीचा घोळ पुढे टेपच्या माथी मारला जातो.

त्यानंतर आउटपुट-इनपुट जोडलेलंच ठेवून २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ स्वीप (खालून वर सरकत जाणारा टोन) घ्या. आजकालच्या बऱ्या कार्डावर रेघ सपाट येते. शेवटी इनपुटला १५० ओहमचा रेझिस्टर लावून नुसता नॉइज पाहा. ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर सुळके दिसले तर दोष वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे. तो आत्ताच काढा. हम घालवण्यासाठी मशीनच्या प्लगची अर्थची पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका, जुन्या मशीनच्या धातूच्या खोक्यात करंट उतरू शकतो. मशीन आणि संगणक एकाच सॉकेटच्या पट्टीवर घेतले तरी बराच हम जातो.

दुसरी पायरी: साफसफाई आणि डीमॅग्नेटायझिंग

हेड, गाइड (टेपला वाट दाखवणारे खुंट) आणि कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) अल्कोहोलनं पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. टेप कॅपस्टनवर दाबणाऱ्या पिंच रोलरच्या रबराला अल्कोहोल कमी लावा. डीमॅग्नेटायझर वापरताना मशीन बंद हवं आणि सगळ्या टेप, विशेषतः कॅलिब्रेशन टेप, दुसऱ्या खोलीत. उपकरण हातभर लांब असताना चालू करायचं, हळूहळू हेडजवळ न्यायचं, तितकंच हळू मागे आणायचं आणि पुन्हा लांब गेल्यावरच बंद करायचं. हेडजवळ असताना बटण सुटलं तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकित होतं.

एसी मोटरचं मशीन इन्व्हर्टरवर चालवू नका. त्या मोटरचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या ६० हर्ट्झच्या मशीनचंही तेच. कॅपस्टनची पुली न बदलता ते इथे लावलं तर वेग सहापैकी पाच भाग एवढाच मिळतो, म्हणजे गाणं तीन अर्धस्वरांहून थोडं जास्त खाली येतं.

तिसरी पायरी: अ‍ॅझिमथ

हेडमधली बारीक फट टेपच्या चालीला अचूक काटकोनात हवी. तो कोन म्हणजे अ‍ॅझिमथ. सेकंदाला १९ सेंमी वेगानं १० किलोहर्ट्झची एक लहर टेपवर फक्त १९ मायक्रॉन जागा घेते. टेपची रुंदी ६.३ मिलिमीटर. फट एक दशांश अंशानं कलली तर एका काठाकडून दुसऱ्या काठापर्यंत ११ मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त लहर. पूर्ण रुंदीच्या ट्रॅकवर १० किलोहर्ट्झला यानं सुमारे साडेपाच डीबी जातात. ट्रॅक २ मिलिमीटरचा असेल तर तोच कल अर्धा डीबीच खातो. पण वेग साडेनऊ सेंमी असेल तर २ मिलिमीटरवरही २ डीबीचं नुकसान होतं. टेप वाचवण्यासाठी घरी बहुतेक वेळा हाच कमी वेग वापरला जायचा, म्हणून या मैफलींसाठी कोन जास्त जपावा लागतो.

कॅलिब्रेशन टेप लावण्याआधी मशीनचं रेकॉर्ड बटण निकामी केलं आहे, हे दोनदा बघा. मग टेपवरच्या १ किलोहर्ट्झच्या टोनपासून सुरुवात करा. स्कोप एक्स-वाय मोडवर ठेवला की डावा चॅनल आडवा आणि उजवा उभा दिसतो. दोन्ही एकत्र चालत असतील तर पडद्यावर ४५ अंशांची सरळ रेघ येते, मागे-पुढे असतील तर ती फुगून अंडाकृती होते. हेडच्या बाजूचा अ‍ॅझिमथ स्क्रू अगदी थोडा, एका वेळी फेरीच्या आठव्या भागाहूनही कमी, फिरवत रेघ बारीक करा.

मग १० किलोहर्ट्झ, मग १६. क्रम उलटा केला तर हमखास फसगत होते. दोन ट्रॅकांच्या मध्यांत साधारण ४ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे १० किलोहर्ट्झला पाव अंशाच्या आसपास कल झाला की एक चॅनल बरोबर एक अख्खी लहर मागे पडतो आणि स्कोपवर पुन्हा तीच सुंदर सरळ रेघ दिसते. हे खोटं शिखर. १ किलोहर्ट्झची लहर दहापट लांब असल्यामुळे तिथे एवढ्या कलानं असं होत नाही. म्हणून लांब लहरीवर जागा पकडायची आणि आखूड लहरीवर ती धारदार करायची. वरच्या टोकाला रेघ थोडी थरथरते, ती टेपची चाल आहे. तिची सरासरी धरा. रेघेसोबत १६ किलोहर्ट्झची लेव्हलही सर्वांत वर आलेली असली पाहिजे. दोन्ही एका जागी जुळत नसतील तर हेड झिजलेलं आहे किंवा गाइड वाकडे आहेत, आणि ते काम जाणत्या मेकॅनिकचं.

स्क्रूला नेलपॉलिशचा ठिपका लावून ही मूळ जागा नोंदवा. तिची पुढे गरज पडणार आहे.

चौथी पायरी: लेव्हल आणि इक्वलायझेशन

संदर्भ टोनवर प्लेबॅक लेव्हल अशी ठेवा की दोन्ही चॅनल −२० डीबीएफएस दाखवतील. संदर्भ लेव्हल वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या होत्या. जुनी अँपेक्स लेव्हल १८५ नॅनोवेबर, मग २५०, आणि युरोपात ३२०. १८५ आणि २५० मध्ये २.६ डीबीचं अंतर आहे, २५० आणि ३२० मध्ये २.१. घरगुती मैफलीवर संदर्भ टोन नसतोच, त्यामुळे तिथे हे अंतर फारसं महत्त्वाचं नाही. आकाशवाणीच्या किंवा स्टुडिओच्या टेपवर सुरुवातीला टोन असेल तर मात्र तो काढून टाकू नका, तो त्या टेपचा स्वतःचा पुरावा आहे.

इक्वलायझेशनचे दोन मुख्य पंथ: अमेरिकेचं एनएबी आणि युरोपचं सीसीआयआर. १९ सेंमी वेगाला एनएबीमध्ये ५० मायक्रोसेकंद आणि ३१८० मायक्रोसेकंद, तर सीसीआयआरमध्ये ७० मायक्रोसेकंद आणि खालच्या बाजूला काहीच नाही. सीसीआयआर टेप एनएबी मशीनवर लावली तर १० किलोहर्ट्झला २.७ डीबी आणि ५० हर्ट्झला ३ डीबी कमी मिळतात. गाणं थोडं झाकलेलं आणि तबल्याचा डग्गा पोकळ वाटतो. पण या दोन्ही वक्ररेषा गणितानं नेमक्या ठरलेल्या आहेत, त्यामुळे नंतर संगणकावर फरक भरून काढता येतो. टेप कोणत्या पद्धतीची याची खात्री नसेल तर मशीन एनएबीवरच ठेवून घ्या आणि तसं लिहा. मशीनच्या ट्रेबल-बेसच्या बटणांनी गोड करून घेतलेली प्रत मात्र पुढच्या माणसाला उलगडता येत नाही.

आता टेपवरचे सगळे टोन ओळीनं वाजवून आकडे लिहा. १० किलोहर्ट्झ संदर्भाशी जुळेपर्यंत प्लेबॅकचा ट्रेबल ट्रिमर (मशीनच्या आतला जुळवणीचा स्क्रू) फिरवा. बेसच्या बाबतीत थांबा. बहुतेक कॅलिब्रेशन टेप पूर्ण रुंदीवर रेकॉर्ड केलेल्या असतात, आणि दोन ट्रॅकचं हेड लांब लहरींच्या वेळी स्वतःच्या ट्रॅकबाहेरचं चुंबकत्वही थोडं ओढून घेतं. त्यामुळे खालचे टोन खऱ्यापेक्षा मोठे दिसतात. ते पाहून बेस कमी केलात तर प्रत्येक मैफलीतला खर्ज कमी होईल. टेपसोबत आलेल्या कागदावर ही दुरुस्ती दिलेली असते, ती वजा करूनच आकडा वाचा. शिवाय अगदी खाली हेडच्या आकारामुळे थोडे चढउतार येतात. ते त्या हेडचे असतात, ट्रिमरनं जात नाहीत.

पाचवी पायरी: वेग

टेपवरचा ३१५० हर्ट्झचा टोन लावून फ्रीक्वेन्सी मोजा. ३१.५ हर्ट्झचा फरक म्हणजे एक टक्का, आणि एक टक्का म्हणजे सुमारे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). ८१ भागिले ८० हे प्रमाणश्रुतीचं अंतर साडेएकवीस सेंटचं. म्हणजे सव्वा टक्क्याची चूक झाली की अख्खं गाणं एका श्रुतीनं सरकतं. स्पूलच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी मोजा, कारण रीळ रिकामं होत जातं तसा ताण बदलतो. याच टोनवर सॉफ्टवेअरनं फ्लटर काढा. चांगल्या मशीनवर वेटेड (कानाच्या संवेदनेप्रमाणे तोललेला) आकडा ०.१ टक्क्याच्या आत राहतो.

कॅलिब्रेशन टेप संपली की ती भरभर गुंडाळून परत ठेवायची नाही. प्लेच्या वेगानं जशी गुंडाळली गेली तशीच, शेवट बाहेर ठेवून, पेटीत जाऊ द्या.

सहावी पायरी: आता तुमची टेप

चिकट झालेली, बुरशी आलेली किंवा व्हिनेगरचा वास येणारी टेप थेट मशीनवर चढवू नका. तिच्यावरचे उपचार हा वेगळा विषय आहे. ट्रॅकही आधी पाहा. अकाई, सोनीसारख्या स्टिरिओ डेकवर टेपचे चार ट्रॅक असत. ती टेप दोन ट्रॅकच्या हेडवर लावली की एका बाजूचं गाणं सरळ आणि दुसरीचं उलटं, दोन्ही एकदम ऐकू येतात.

मशीन आता कॅलिब्रेशन टेपशी जुळलेलं आहे. पण ज्या मशीनवर ती मैफल रेकॉर्ड झाली त्याचं हेड सरळ होतं असं कोणी सांगितलंय? म्हणून प्रत्येक टेपसाठी अ‍ॅझिमथ पुन्हा लावायचा, या वेळी टेपवरच्या आवाजावर. सगळ्यात चांगली जागा म्हणजे गाणं सुरू होण्याआधीचा तानपुरा. जवारीची झिणझिण वरच्या फ्रीक्वेन्सीत भरपूर असते आणि सतत असते. स्पेक्ट्रम लावून ४ किलोहर्ट्झच्या वरचा भाग पाहत स्क्रू हलवा, तो सर्वांत उंच होईल तिथे थांबा. टेप पूर्ण रुंदीची मोनो असेल आणि तुमचं हेड स्टिरिओ, तर याहून धारदार युक्ती आहे: एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिसळा आणि उरलेला आवाज कमीत कमी होईपर्यंत स्क्रू फिरवा. दोन चॅनल तंतोतंत एक झाले की गाणं जवळजवळ गायब होऊन नुसती खरखर उरते. तीच बरोबर जागा. चॅनल पुन्हा सरळ करायला विसरू नका.

मूळ ठिपक्यापासून स्क्रू किती फिरला ते लिहा. एका स्पूलवर दोन मशीनवरची रेकॉर्डिंग असू शकतात, मध्येच आवाज झाकला गेला तर पुन्हा लावावं लागतं.

वेगाचा प्रश्न जास्त नाजूक आहे. पुष्कळ जण टेपवरचा हम मोजतात आणि तो ५० हर्ट्झ आला की वेग बरोबर असं धरतात. ते खरं नाही. आपल्याकडे ग्रिडची फ्रीक्वेन्सी पूर्वी पन्नासच्या बरीच खाली-वर जायची. २००२-०३ च्या सुमारास विजेच्या दराची उपलब्धतेशी जोडलेली पद्धत आली, तेव्हापासून ती आवरत गेली. समजा मैफलीच्या रात्री ती ४९ होती आणि रेकॉर्डरला एसी मोटर होती. मग टेपही दोन टक्के हळू चालली आणि हमही दोन टक्के खाली होता. आज अचूक वेगानं वाजवलं की हम जवळजवळ ५० वरच येतो, पण गाणं मात्र दोन टक्के चढलेलं असतं. उहरसारखा बॅटरीवरचा रेकॉर्डर किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटरचा रेव्हॉक्स ए७७ असेल तर हम काहीतरी सांगतो, पण तोही त्या रात्रीच्या ग्रिडइतकाच खरा.

मग पुरावा कोणता? साथीला पेटी असेल तर ती. पेट्यांचं ट्यूनिंग सगळीकडे सारखं नसतं, पण गायक नेहमी काळी एकमधून गात असेल आणि टेपवर स्वर काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये लागत असेल, तर वेगात काहीतरी आहे हे नक्की. नुसता तानपुरा गळ्याप्रमाणे कुठेही लावला जातो, त्यावरून काही ठरवू नका. मूळ प्रत नेहमी कॅलिब्रेशन टेपनं ठरलेल्या वेगावरच घ्या आणि वेगाची दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये करा. उद्या त्याच मैफलीची दुसरी टेप मिळाली तर तुमचा अंदाज बदलू शकतो.

फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयएएसएची, शिफारस हीच आहे आणि किमान मर्यादा ४८ किलोहर्ट्झची. नॉइज काढणं, आवाज वाढवणं यांतलं काहीही या प्रतीवर नको.

नोंदवही

प्रत्येक स्पूलमागे अशी नोंद ठेवा:

«स्पूल ७, बाजू अ. हाफ ट्रॅक मोनो, ९.५ सेंमी. मशीन एनएबी, संदर्भ २५० = −२० डीबीएफएस. अ‍ॅझिमथ ठिपक्यापासून घड्याळाच्या दिशेनं पाव फेरी, तानपुऱ्यावर लावला. २२ व्या मिनिटाला जोड, पुढे अ‍ॅझिमथ तोच. ३१५० चा टोन सकाळी ३१५२. पीक −७. पेटीवरून अंदाजे पाऊण टक्का चढा, प्रतीत दुरुस्त केलेलं नाही.»

सकाळी कॅलिब्रेशन टेपचे टोन रेकॉर्ड केलेली फाइलही त्याच फोल्डरमध्ये जाऊ द्या. पन्नास वर्षांनी कोणी ही मैफल उघडली तर तुमच्या मशीनवर काय बरोबर होतं आणि काय नव्हतं हे त्याला तुमच्याशिवाय कळेल.

काम संपल्यावर अ‍ॅझिमथ ठिपक्यावर परत आणा आणि कॅलिब्रेशन टेपचे १ आणि १० किलोहर्ट्झचे टोन पुन्हा वाजवा. सकाळच्या आकड्यांपासून अर्ध्या डीबीपेक्षा जास्त सरकले असतील तर आधी हेड पुसा आणि पुन्हा मोजा, बहुतेक वेळा टेपची भुकटीच चिकटलेली असते. पुसून आकडा जुळला तर ज्या स्पूलनंतर तो बिघडला असेल तिथपासूनचे पुन्हा घ्या. मल्टिमीटर दोनेक वर्षांनी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेतून तपासून आणा, तिथल्या प्रमाणपत्राची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत किंवा तशाच दुसऱ्या राष्ट्रीय मानकापर्यंत जाते. प्रमाणपत्राचा नंबर आणि तारीख नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा.